पायात बसवायचा ‘वाढणारा’ रॉड आणि त्याची चाचणी: भावाने सही करावी का?

कृष्णाकाठची

नमस्कार. आम्ही पलूस तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ गळीत हंगामात रात्री दुचाकीवरून येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला ना रिफ्लेक्टर, ना लाल दिवा. डाव्या पायाची नडगी फुटून बाहेर आली आणि हाडाचा एक तुकडा गेला तो गेलाच. मिरजेच्या डॉक्टरांनी बाहेरून फ्रेम लावून पाय वाचवला, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. मधे बरेच महिने जखम वाहत होती. आता कोरडी आहे आणि हाडही जुळलंय, पण पाय चार सेंटीमीटर आखूड राहिला. बुटाला सोल वाढवून चालतो आणि संध्याकाळ झाली की कंबर धरून बसतो. वय सत्तावीस.

पाय वाढवता येतो म्हणून मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात दाखवलं. तिथे म्हणाले, रिंगा, म्हणजे ती बाहेरची फ्रेम, लावायची गरज नाही. हाडाच्या आत बसणारा आणि बाहेरून चुंबकाने लांब होणारा रॉड आता इथे बनवलाय, त्याची चाचणी सुरू होतेय. चाचणीत आला तर रॉड, ऑपरेशन, तपासण्या सगळं मोफत. मराठीतलं जाडजूड माहितीपत्रक हातात दिलंय आणि सहीसाठी वेळ दिलाय. घाई केली नाही, हे मला आवडलं.

वडील म्हणतात, फुकट मिळतंय म्हणजे पोरावर प्रयोग. भाऊ म्हणतो, रिंगा परत नकोत, सही करून टाकतो. मी पत्रक वाचत बसलेय आणि एका वाक्यावर अडलेय: ‘सहभागी कोणतंही कारण न देता केव्हाही चाचणीतून बाहेर पडू शकतो.’ हाडात रॉड असताना बाहेर पडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कुणी सांगेल का?

हिरवा_गाऊन

ताई, मी अस्थिरोगात काम करतो, शिक्षण मिरजेचंच. आधी हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न तुम्हालाच सुचतील.

हाड ओढून वाढवायची आजची पद्धत सैबेरियातल्या कुर्गानच्या गाव्रिल इलिझारोव्ह यांची. १९५० च्या दशकापासून ते हे काम करत होते, पण बाहेरच्या जगाला उशिरा कळलं. कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक बरा न होणारा पाय घेऊन १९८० मध्ये कुर्गानला गेला, तिथे बरा झाला, आणि १९८१ मध्ये इलिझारोव्ह इटलीतल्या परिषदेत बोलायला आले. तिथून ही पद्धत पसरली.

हाड कापायचं, पण त्याच्यावरचं आवरण आणि रक्तपुरवठा जपून. पाच ते सात दिवस काही करायचं नाही. मग रोज एक मिलिमीटर, तेही एका दमात नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. नडगीत कित्येकदा याहूनही हळू. मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं. वेग जास्त झाला तर हाड धरत नाही आणि नसा ताणल्या जातात. फार कमी ठेवला तर फट वेळेआधीच जुळून बसते. चार सेंटीमीटर म्हणजे ओढण्याचे साधारण चाळीस दिवस, पण खरा वेळ लागतो तो नंतर, ते कोवळं हाड पक्कं व्हायला. एक्स-रेत चारपैकी निदान तीन कडा भरलेल्या दिसेपर्यंत पूर्ण भार देत नाहीत.

रिंगा हेच काम बाहेरून करतात. रॉडमध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात, आत छोटं चुंबक, गिअर आणि स्क्रू. मांडीवर किंवा नडगीवर यंत्र धरलं की आतलं चुंबक फिरतं आणि नळी सरकते. असा चुंबकी रॉड अमेरिकेत २०११ मध्ये बाजारात आला. जर्मनीतल्या फिटबोनमध्ये आत मोटर असते आणि कातडीखालच्या रिसीव्हरमधून तिला वीज मिळते. त्याआधी आयएसकेडी नावाचा रॉड होता. पाय थोडा वळला की तो लांबायचा. काही रुग्णांत तो ठरल्यापेक्षा फार वेगाने लांबला, आवरताच येईना. चुंबकी रॉड आवडण्याचं मोठं कारण हेच, की तो हवा तेवढाच सरकतो आणि गरज पडली तर उलटाही फिरवता येतो.

मला पहिली काळजी वाटते ती त्या वाहणाऱ्या जखमेची. रॉड हाडाच्या पोकळीतून आरपार जातो. जुना जंतुसंसर्ग कुठे दबून बसला असेल तर तो पूर्ण पोकळीत पसरू शकतो. पत्रकात ‘कोणाला घेता येणार नाही’ असा भाग असेल, तो आधी वाचा.

जतचा_माणूस

वडील बरोबर बोलतात. सही करू नका. औषध कंपन्यांनी गरिबांवर काय काय केलंय ते पेपरात वाचलंय आम्ही. पैसेवाल्याच्या पोराला का नाही घेत चाचणीत?

निवृत्त_शिक्षिका

जतचे दादा, तुमचा राग खोटा नाही. या देशात माणसांना न सांगता, न समजावता चाचण्या झाल्या आहेत. त्यावरून स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला, २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावले आणि त्यानंतर नियम कडक झाले. मी एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर सामान्य नागरिक म्हणून बसते. डॉक्टर नाही, वकील नाही. कायद्यानेच अशी एक व्यक्ती लागते, कारण पत्रक गावातल्या माणसाला कळतंय का हे तिने सांगायचं असतं.

कृष्णाकाठची, तू ज्या वाक्यावर अडलीस तिथेच अडायला हवं. औषधाच्या चाचणीत बाहेर पडणं म्हणजे गोळी थांबवणं. ते वाक्य तिथून उचलून इथे घातलेलं आहे. शरीरात बसवलेल्या वस्तूच्या चाचणीत बाहेर पडलास तर फक्त तुझी माहिती गोळा करणं थांबतं, वस्तू आतच राहते. मग तिची देखभाल कोण करणार, बाहेरचं यंत्र कुणाकडे राहणार, रॉड अर्धवट लांबलेला असेल तर पुढे काय, हे पत्रकात लिहिलेलं असलं पाहिजे. तोंडी नको.

आणखी काही गोष्टी बघ. आपल्याकडे उपकरणांसाठी २०१७ ची वैद्यकीय उपकरण नियमावली आहे, ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. धोक्यानुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत आणि हाडात बसणाऱ्या वस्तू वरच्या वर्गांत येतात. इथे नव्याने बनवलेलं उपकरण माणसात तपासायचं तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी लागते. आधी थोड्या रुग्णांत पथदर्शी चाचणी, मग मोठी निर्णायक. तुझ्या भावाची कोणती आहे ते विचार. पहिल्या काही जणांपैकी एक असणं आणि शंभरावा असणं यात फरक आहे. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत चाचणी नोंदलेली असावी लागते आणि ती नोंद कुणालाही बघता येते. नोंदणी क्रमांक माग. त्यात कुणाला घेणार, काय मोजणार, किती काळ मोजणार हे सगळं असतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी चाचणी करवणाऱ्याची आहे.

लेथवाला_कुपवाड

मी डॉक्टर नाही, पण धातू माझा रोजचा विषय आहे. आमच्या शॉपमध्ये हाडाच्या प्लेटा आणि स्क्रू फिरवले जातात. हिरवा_गाऊन यांनी मंजुरीपर्यंतची गोष्ट सांगितली, मी त्याच्या पुढची सांगतो, कारण ताईंच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं.

२०११ चा तो चुंबकी रॉड टायटॅनियमचा होता. हाड पक्कं होईपर्यंत त्यावर पूर्ण वजन टाकता येत नव्हतं. म्हणून त्याच कंपनीने पुढचा रॉड काढला, प्रिसाइस स्ट्राइड. टायटॅनियमऐवजी बायोडूर १०८ नावाचं स्टेनलेस पोलाद. पेशंट लवकर उभा राहायला लागला, सगळे खूश. अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाला, आणि तिथल्या ज्या वाटेने झाला तिच्यात आधीच्या उपकरणाशी साधर्म्य दाखवावं लागतं. मोठी चाचणी प्रत्येक वेळी लागतेच असं नाही.

पाय ठरल्याप्रमाणे लांब झाले. पण नंतर काही जणांना दुखायला लागलं, आणि एक्स-रेत दोन नळ्या जिथे एकात एक जातात बरोबर तिथेच हाड खाल्ल्यासारखं, जाड झाल्यासारखं दिसायला लागलं. डेन्मार्क, जर्मनी, इंग्लंड इथल्या डॉक्टरांनी लिहिलं. काढलेले रॉड तपासले तर नळ्यांच्या सांध्यावर गंज. २०२१ च्या सुरुवातीला कंपनीने तो रॉड बाजारातून मागे घेतला.

असं का होतं, ते कारखान्यात काम केलेल्याला लगेच कळेल. एकात एक सरकणारे दोन भाग म्हटले की मधे बारीक फट आली. त्या फटीत शरीरातलं खारं पाणी शिरतं आणि अडकून बसतं. वर प्रत्येक पावलाला दोन्ही भाग केसाएवढे घासतात. पोलादावरचा संरक्षक थर घासून जातो, फटीत तो परत तयार व्हायला प्राणवायू पुरत नाही, आणि गंज धरतो. अखंड रॉडमध्ये ही जागाच नसते. म्हणजे जे या रॉडचं वैशिष्ट्य, तीच त्याची कमजोर जागा.

प्रयोगशाळेत रॉड वाकवून दहा लाख वेळा भार देतात. माणूस एका पायावर वर्षाला सुमारे तेवढीच पावलं टाकतो असं धरलं जातं. पण कोरड्या यंत्रात दिलेला भार आणि फटीत रक्त-पाणी असताना दिलेला भार सारखा नाही. ताई, दोन प्रश्न विचारा: धातू कोणता, आणि सांध्यावरच्या गंजाची चाचणी खाऱ्या द्रावात घासून केली आहे का. उत्तर देणारा अडखळला तर नियामकाला दिलेल्या कागदात काय आहे ते विचारा.

कृष्णाकाठची

लेथवाले दादा, हे वाचून अंगावर काटा आला. लांबी मिळाली आणि त्रास नंतर दिसला. मग चाचणीत नेमकं काय मोजतात? नोंद उघडून बघितली. मुख्य निष्कर्ष म्हणून लिहिलंय, ‘ठरवलेली लांबी आणि प्रत्यक्ष मिळालेली लांबी यातील फरक’. पाठपुरावा बारा महिने.

हिरवा_गाऊन

तिथेच मेख आहे. लांबी मोजायला सोपी आणि चांगला रॉड ती जवळपास नेहमी देतो. त्यावरून उपकरण पास होईल, पण पेशंटला हवं ते वेगळं आहे: गुडघा-घोटा किती वळतो, टाच टेकते का, दुसऱ्यांदा ऑपरेशन लागलं का, नवं हाड पक्कं व्हायला दर सेंटीमीटरला किती दिवस लागले, कामावर कधी गेला. नडगी वाढवली की मागचे स्नायू आखडतात आणि टाच वर उचलली जाते, हा अगदी नेहमीचा त्रास. दुय्यम निष्कर्षांत यातलं काय काय आहे ते बघा.

या चाचण्या अवघड असतात हेही खरं. कुणाला रिंग आणि कुणाला रॉड हे पेशंटपासून लपवता येत नाही. गोळीसारखी खोटी गोळी देता येत नाही. प्रत्येकाचा पाय वेगळा मोडलेला, सर्जनचा हात नव्या उपकरणावर बसायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या काही पेशंटचे आणि नंतरच्यांचे निकाल सारखे नसतात. म्हणून बहुतेक ठिकाणी एकच गट घेऊन जुन्या पेशंटशी तुलना करतात.

पण अवघड म्हणून चाचणी सोडून चालत नाही, हे जतच्या दादांना सांगायचंय. मोडलेलं हाड लवकर जुळावं म्हणून बाहेरून अल्ट्रासाउंड देणारं यंत्र वर्षानुवर्षं विकलं गेलं. २०१६ मध्ये ट्रस्ट नावाच्या चाचणीचा निकाल आला. नडगीच्या फ्रॅक्चरचे ५०१ पेशंट, निम्म्यांना खरं यंत्र, निम्म्यांना तसंच दिसणारं बंद यंत्र. हाड जुळण्यात फरक नाही, कामावर परतण्यात फरक नाही. उलटंही घडतं. उघड्या फ्रॅक्चरमध्ये हाड वाढवणारं बीएमपी-२ हे प्रथिन घालून ४५० पेशंटची चाचणी झाली, २००२ मध्ये छापली, आणि पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण जास्त डोसच्या गटात खरंच कमी झालेलं दिसलं. तेच प्रथिन मणक्यात वापरलं तेव्हा मात्र कंपनीचे सुरुवातीचे दावे २०१३ च्या स्वतंत्र फेरतपासणीत टिकले नाहीत. माणसांनी भाग घेतला म्हणून हे कळलं.

उंच_व्हायचंय

माझी उंची पाच फूट चार आहे. मला अशा चाचणीत घेतील का?

हिरवा_गाऊन

नाही, आणि प्रयत्नही करू नकोस. धडधाकट हाड कापण्यातला धोका आणि चार सेंटीमीटर आखूड पायातला धोका एका तराजूत बसत नाहीत. वेगळा धागा काढ, सविस्तर बोलू.

रिंगवाला_तासगाव

पावसाळ्याच्या तोंडावर रिंगा बसवल्या आणि द्राक्षाची छाटणी उरकून बाग फुलोऱ्यात आली तेव्हा काढल्या. त्यामुळे भावाला रिंगा का नकोत हे मला सांगायला लागत नाही. पॅन्ट चढत नाही, कूस बदलता येत नाही, पिनांच्या तोंडाशी कधी लाल होतं, कधी पाणी येतं. लहान पोरं घाबरून जवळ येत नाहीत, ते सगळ्यात वाईट.

तरी एक सांगतो. रिंग उघड्यावर असते. पिन बिघडली तर दिसते, सैल झाली तर हाताला कळते, काढायची तर छोटं काम. माझ्या वॉर्डात जुना पू असलेले तिघे-चौघे होते, त्या सगळ्यांना डॉक्टरांनी मुद्दाम रिंगाच दिल्या होत्या. भावाला म्हणावं, रिंग म्हणजे मागासलेला इलाज आणि रॉड म्हणजे सुधारलेला, असं मनात धरू नकोस.

निवृत्त_शिक्षिका

बारा महिन्यांच्या पाठपुराव्यावरून एक विचारते. हा रॉड कायम आत ठेवायचा नसतो ना, डॉक्टर?

हिरवा_गाऊन

नाही मॅडम. चुंबकी रॉड हाड पक्कं झालं की काढायचा असतो, साधारण वर्षभराच्या आसपास. आत असेपर्यंत एमआरआय करता येत नाही. काढणं हे स्वतंत्र ऑपरेशन आहे, भूल, रक्त तपासणी, सगळं आलं. कधी नवं हाड उशिरा भरतं, मग काढणं लांबतं.

निवृत्त_शिक्षिका

म्हणजे चाचणी संपते त्याच सुमारास काढायचं ऑपरेशन येतं. खर्च कोणाचा? आणि स्ट्राइडमध्ये घडलं तसं काही दोन वर्षांनी दिसलं, तर ते बघायला कोण असेल? माझ्या समितीपुढे हा प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीचा आराखडा, आला असता तर मी एवढ्यावरच परत पाठवला असता. वस्तू जितका काळ शरीरात आहे, तितका काळ ती ठेवणारा उत्तरदायी असला पाहिजे. बारा महिने हा आकडा अहवाल लिहिण्याच्या सोयीचा आहे, पेशंटच्या हाडाचा नाही.

कृष्णाकाठची

काल भावाला घेऊन जाऊन आले. तिथल्या समन्वयक बाईंनी दोन तास दिले, एकदाही टाळलं नाही. सगळ्यांच्या माहितीसाठी लिहिते.

चाचणी पथदर्शी आहे. धातू टायटॅनियमचा मिश्रधातू. घासण्याची आणि गंजाची चाचणी खाऱ्या द्रावात केली आहे, अहवाल नियामकाला दिलाय, त्यातली आकृती त्यांनी मला दाखवली. पाय दुखला, हाड उशिरा भरलं, रॉड सरकायचा थांबला, तर उपचार चाचणीच्या खर्चातून. बाहेर पडलो तरी यंत्र रुग्णालयातच राहील आणि लांबी पूर्ण करून देतील, पण हे पत्रकात नाही. तोंडी सांगितलं.

रॉड काढण्याच्या खर्चाबद्दल विचारलं तर त्या थांबल्या. बारा महिन्यांच्या आत काढला तर चाचणीत, नंतर काढला तर ‘नेहमीच्या रुग्णासारखं’. म्हणजे आमच्या खिशातून. कागद चाळल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या की ज्यांचं हाड उशिरा भरतं त्यांनाच हा खर्च पडेल, आणि हे बरोबर नाही.

आणि भाऊ निकषात बसलाच नाही. एकदा खोल जंतुसंसर्ग झालेल्या हाडाला या टप्प्यात घेत नाहीत. ईएसआर आणि सीआरपी या संसर्गाचा अंदाज देणाऱ्या तपासण्यांसाठी रक्त घेतलं ते फक्त पुढच्या इलाजाच्या दृष्टीने. भाऊ गाडीत गप्प होता. विट्याच्या अलीकडे म्हणाला, रिंगवाल्या दादांना विचार, झोपायचं कसं.

रिंगवाला_तासगाव

पायाखाली उशी नाही, दुमडलेली गोधडी ठेवायची, पोटरीला आधार देऊन टाच हवेत. पॅन्टची बाहेरची शिवण उसवून वेल्क्रो लावून घ्या, आमच्या इथला शिंपी करून देतो. चाव्या फिरवायच्या वेळा मोबाईलवर लावा आणि घरातल्या एकाच माणसाने फिरवायच्या, नाहीतर एक वेळ चुकते किंवा दोनदा फिरते. टाच वर उचलली जायला लागली तर त्याच दिवशी फिजिओला सांगायचं, पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं नाही. फोन नंबर खाजगीत पाठवतो, कधीही लाव म्हणावं.

जतचा_माणूस

ताई, वाईट वाटलं. पण तुम्ही एवढं विचारून आलात, आता ते बाकीच्यांना उपयोगी पडेल का? आपला माणूस तर बाहेर राहिला.

निवृत्त_शिक्षिका

पडेल की. त्या चाचणीत दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ जाणार आहे. पत्रकाच्या शेवटी नैतिकता समितीच्या सदस्य सचिवांचा पत्ता असतो, तो फक्त सहभागींसाठी नसतो. कृष्णाकाठची, एक पानी पत्र लिही. दोनच मुद्दे. एक, रॉड काढण्याचा खर्च आणि जबाबदारी तारखेवर नको, रॉड निघेपर्यंत हवी. दोन, बाहेर पडणाऱ्याचं काय होईल हे तोंडी जे सांगितलं ते पत्रकात यावं. कुणावर आरोप करू नकोस, समन्वयक बाईंनी सहकार्य केलं हे आधी लिही. नोंदणी क्रमांक आणि पत्रकाची आवृत्ती कोणती ते वर टाक, नाहीतर पत्र फायलीत हरवतं. रजिस्टर पोस्टाने पाठव, पोच जपून ठेव.

कृष्णाकाठची

मसुदा लिहून आजच टाकते बाई. लेथवाले दादा, पाठपुरावा किती काळ हवा हेही घालू का? किती वर्षं म्हणू?

लेथवाला_कुपवाड

घाला. वर्षांचा आकडा टाकू नका. रॉड काढल्यावर तो कापून त्याचा सांधा तपासावा आणि त्याचा अहवाल समितीकडे जावा, एवढं लिहा. एक्स-रेत गंज उशिरा दिसतो, सूक्ष्मदर्शकाखाली आधी. काढलेला रॉड पेशंटच्या हातात देऊन टाकला किंवा कचऱ्यात गेला तर त्यातली सगळी माहिती गेली.